चार भोकांचं बटण

बटण चार भोकांचं होतं, तपकिरी, कोटाला लावतात तसं जाडसर. सकाळपासून ते आईच्या डाव्या बुटात होतं आणि रात्री मी मोजे काढले तेव्हा तिच्या तळपायावर त्याचा शिक्का उमटलेला होता, इतका स्पष्ट की चारही भोकं मोजता येत होती, आणि कडेची कातडी पांढुरकी पडून ओली झाली होती. मी विचारलं, "आई, दुखत नाही का गं?" तर ती माझ्याकडे बघून म्हणाली, "कुणाला?"

आईने आयुष्यभर शिवणकाम केलं. नुसतं बोटांनी चाचपून कापड धुतल्यावर किती आटेल ते सांगायची. तिच्याच डब्यातलं बटण दिवसभर तिच्या पायात रुततं आणि तिला पत्ता नाही, हे बघितल्यावर मला कळलं की आम्ही मागची दोन वर्षं पायांची एक फाईल आणि विसरण्याची दुसरी फाईल अशा ज्या दोन फायली सांभाळत होतो, वेगळे डॉक्टर, वेगळ्या तारखा, वेगळ्या गोळ्या, ते सगळं तिच्या शरीरात केव्हाच एकत्र झालं होतं. पाय दुखल्याचं कळवत नव्हता, आणि जे थोडंफार कळत होतं ते आम्हाला येऊन सांगेपर्यंत तिच्याकडे टिकत नव्हतं. म्हणजे आता तिच्या वतीने कुणीतरी बघायला हवं होतं, रोज, डोळ्यांनी. मला हे कुणी आधी सांगितलं नव्हतं, म्हणून लिहितेय.

सुरुवात कुठून झाली ते आठवायला गेलं तर चप्पल आठवते. चालता चालता तिची एक चप्पल मागे राहायची आणि ती चार पावलं पुढे गेलेली असायची, "अगं चप्पल!" म्हटलं की खाली बघायची आणि तेव्हा तिला कळायचं. कापसावरून चालल्यासारखं वाटतं म्हणायची. दिवसा बधीर आणि रात्री मात्र तळपायांची आग, मुंग्या, पांघरूण पायाला लागलेलंसुद्धा सहन व्हायचं नाही, पाय बाहेर काढून झोपायची. त्याच वर्षी ती तेच तेच विचारायला लागली होती. मी, दादा, वहिनी, सगळेच म्हणायचो वय झालं, आणि वय झालं म्हटलं की पुढे काही करावंच लागत नाही. साठी बुद्धी नाठी ही म्हण तर तयारच असते. मला त्या म्हणीचा आता मनापासून राग येतो, कारण तिच्यामुळे किती घरांत किती महिने फुकट जात असतील कोण जाणे, आमच्याकडे जवळजवळ दीड वर्ष गेलं.

दुसरी अडचण चक्क शब्दाची होती. आपण 'नस' म्हणतो आणि त्यात रक्त वाहून नेणारी नळीही येते आणि संवेदना नेणारा तंतूही येतो, त्यामुळे नसांचा त्रास म्हटलं की डोक्यात पहिलं येतं ते रक्त कमी पोचतंय, मग मालिश करा, शेक द्या. आम्ही तीन महिने तिला रोज रात्री गरम पाण्याची पिशवी देत होतो. बधीर पायाला यासारखी धोक्याची गोष्ट नाही, कारण कातडी भाजतेय हे त्या माणसाला कळतच नाही, फोड आलेला दिसतो तेव्हा कळतं. तिचा पाय भाजला नाही हे निव्वळ नशीब.

खरा मामला मज्जातंतूंचा. मेंदू आणि मणक्यातला मज्जारज्जू सोडला तर उरलेल्या शरीरभर पसरलेलं जे जाळं असतं त्याचा हा आजार, पेरिफेरल न्यूरोपॅथी. यातले काही तंतू बातमी आणतात, गरम गार टोचलं दुखलं, काही स्नायूंना हलायला सांगतात, आणि काही आपल्या नकळत घाम, रक्तदाब, पोट, लघवी सांभाळतात. पायाच्या अंगठ्यापासून कमरेतल्या मणक्यापर्यंत जाणारा एकेक तंतू जवळजवळ मीटरभर लांब असतो, एकाच पेशीचा, आणि एवढी लांब गोष्ट पोसायची म्हणजे बिघाड झाला की सगळ्यात आधी तीच हार मानते. म्हणून बहुतेकांना आधी बोटं, मग तळपाय, मग मोजा घातल्यासारखं घोट्याच्या वर, आणि ते गुडघ्याजवळ पोचेपर्यंत हाताची बोटं सुरू. दोन्ही बाजूंना सारखं. एकाच हाताची तीन-साडेतीन बोटं रात्री बधीर होतात ती गोष्ट वेगळी, तिथे मनगटात तंतू दबलेला असतो, त्याचे उपाय वेगळे. आणि काही दिवसांत, कधी काही तासांत, पायांतली ताकदच जायला लागली आणि कमजोरी वर चढत आली तर तो गियाँ-बारे नावाचा आजार असू शकतो, तिथे अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही, सरळ इमर्जन्सीत जायचं, कारण श्वासाचे स्नायूही सापडू शकतात.

न्यूरॉलॉजिस्टांनी तिची तपासणी केली ती माझ्या डोळ्यांसमोर अजून आहे. मला वाटलं होतं मोठं मशीन असेल, ते नंतर आलं, नर्व्ह कंडक्शनचं, पण आधी त्यांनी खिशातून एक ट्यूनिंग फोर्क काढला, १२८ हर्ट्झचा, आपटून तिच्या अंगठ्याच्या हाडावर टेकवला आणि म्हणाले, "आजी, थरथर थांबली की सांगा हं." आई बराच वेळ शांत राहिली आणि मग म्हणाली, "सुरू कधी झाली?" नंतर एक नायलॉनचा धागा, १० ग्रॅम दाबाला वाकणारा, तो तळव्याला ठिकठिकाणी टेकवत गेले, तिने डोळे मिटलेले, लागलं की हो म्हणायचं. दहा ठिकाणांपैकी तीनदा हो आलं. मग पाय जुळवून उभं केलं आणि डोळे मिटायला सांगितले, तशी ती लगेच कलली, त्यांनी हात धरूनच ठेवला होता. म्हणाले, पाय कुठे टेकलेत हे पाय सांगत नाहीयेत, त्यांचं काम डोळे करतायत, म्हणून अंधारात त्या पडणार. रात्री बाथरूमला जाताना ती दोनदा पडली होती आणि आम्ही दोन्ही वेळा फरशीला दोष दिला होता.

कारणांमधे डायबेटिस सगळ्यात पुढे, डायबेटिस असलेल्यांपैकी जवळजवळ निम्म्यांना कधी ना कधी हे होतं. मग दारू, किडनीचे आजार, थायरॉइड, केमोथेरपीची काही औषधं, कुष्ठरोग, काही घराण्यांत आनुवंशिक, आणि बी-६ चा अतिरेकसुद्धा, म्हणजे नसांसाठी म्हणून आपल्या मनाने वर्षानुवर्षं खाल्लेल्या व्हिटॅमिनच्या गोळ्यांनीच नसा जाऊ शकतात. आणि पुष्कळदा सगळं तपासूनही कारण सापडत नाही.

आईचं सापडलं, निदान अर्धं. तिला डायबेटिस १६ वर्षांपासून, त्यासाठी मेटफॉर्मिन, आणि मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतलं की काही जणांत बी-१२ शोषलं जाण्याचं प्रमाण कमी होतं. त्यात पित्ताची गोळी रोजची, तिनेही तेच होतं. बी-१२ वनस्पतींमधे जवळजवळ नसतंच, म्हणून पूर्ण शाकाहारी माणसाकडे मुळातच साठा कमी. तिचं आलं १४२ (पिकोग्रॅम प्रति मिलिलिटर), साधारणपणे २०० च्या खाली कमी धरतात, आणि २०० ते ३०० च्या मधे आलं तरी लक्षणं असतील तर डॉक्टर पुढच्या टेस्ट करायला सांगतात. मज्जातंतूंवर वायरीसारखं जे आवरण असतं ते टिकवायला हे व्हिटॅमिन लागतं, त्यामुळे ते संपलं की पाय बधीर होतात, तोल जातो, आणि मेंदूचं कामही मंदावतं, विसरणं, गोंधळ, चिडचिड, उदासी. म्हणजे दोन्ही फायलींचं निदान एक तरी कारण एकच होतं आणि ते एका साध्या रक्ताच्या टेस्टमधे होतं.

त्या रात्री मला झालेला आनंद मी लपवणार नाही. इंजेक्शनं सुरू झाली आणि मी दिवस मोजायला लागले की आता आई परत येणार. ती थोडी आलीही. थकवा गेला, जिभेची आग थांबली, चिडचिड कमी झाली, मुंग्या निम्म्यावर आल्या. पण याद परत आली नाही. सहा महिन्यांनी रिपोर्टात आकडा झकास होता आणि आई मला विचारत होती की तू कुणाच्या घरची. डॉक्टरांनी हळूच सांगितलं की कमतरता होती ती भरली, त्याच्या खाली जे आहे ते आता दिसतंय. एमआरआयमधे लहान रक्तवाहिन्यांचं जुनं नुकसान होतं आणि स्मृतीचा भाग आकसलेला होता. अल्झायमर आणि रक्तवाहिन्यांचा डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश, दोन्ही मिळून. उतारवयात असं मिश्रण पुष्कळ असतं.

तरीही मी प्रत्येकाला सांगते की भरून निघण्यासारखी कारणं आधी शोधा. बी-१२, थायरॉइड, डिप्रेशन, पडल्यावर डोक्यात साठलेलं रक्त, ऐकू कमी येणं, आणि औषधं. औषधांबद्दल सविस्तर लिहिते, कारण तिथे आमची चूक झाली आणि ती महाग पडली.

तळपायांच्या आगीसाठी एका डॉक्टरांनी रात्रीची एक गोळी दिली होती, अमिट्रिप्टिलिन. औषध जुनं आहे, मज्जातंतूंच्या दुखण्यावर चालतं, पुष्कळांना आराम पडतो, त्यात वाद नाही. तिलाही झोप लागायला लागली, आम्ही खूष. पण पंधरा दिवसांत तिचं तोंड सारखं कोरडं, पोट साफ नाही, लघवी अडकायला लागली, आणि संध्याकाळी ती कपाटाच्या दाराला बाथरूमचं दार समजून उभी राहायला लागली. आम्हाला वाटलं आजार वाढला. याददाश्तीसाठी डोनेपेझिल आधीच चालू होतं, त्याचा डोस वाढवून घ्यायची बोलणी सुरू झाली. मग दुसऱ्या एका डॉक्टरांनी सांगितलं की घरात आहेत नाहीत तेवढी सगळी औषधं एका पिशवीत घालून आणा, अगदी सर्दीचीसुद्धा. त्यांनी टेबलावर सगळं ओतलं आणि दोन पट्ट्या बाजूला काढून समोरासमोर ठेवल्या. डोनेपेझिल मेंदूतलं निरोप पोचवणारं रसायन, म्हणजे अ‍ॅसिटिलकोलिन टिकवून धरतं, आणि अमिट्रिप्टिलिन त्याच अ‍ॅसिटिलकोलिनचं काम अडवतं. एक हात ढकलतोय आणि दुसरा ओढतोय, आणि मधे आई.

ती गोळी हळूहळू कमी करून बंद केली, आपल्या मनाने एकदम नाही, आणि तीन आठवड्यांत कपाट परत कपाट झालं. आगीसाठी दुसरं औषध दिलं, ड्युलोक्सेटिन, तिला ते मानवलं. प्रेगाबालिन आणि गॅबापेन्टिन हेही देतात, पण त्यांनी गुंगी येते, चक्कर येते, किडनी बघून डोस ठरवावा लागतो, आणि आधीच तोल नसलेल्या माणसाला चक्कर म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. झोपेच्या आणि सर्दीच्या काही साध्या वाटणाऱ्या गोळ्या, लघवी आवरण्याची काही औषधं, ही पण अमिट्रिप्टिलिनसारखीच तेच काम अडवतात. एका डॉक्टरला दुसऱ्याची चिठ्ठी दाखवणं हे घरच्यांचंच काम आहे, दुसरं कुणी ते करत नाही. आमची पिशवी आता कायम दाराशी टांगलेली असते.

विसरणं आणि डिमेन्शिया यातला फरक लोक विचारतात तेव्हा मी कॉलरचं उदाहरण देते. कात्री कुठे ठेवली हे ती तिशीतही विसरायची, शोधायची, सापडायची. पण एके दिवशी ती शर्टाची कॉलर समोर घेऊन बसली होती, हजारो लावल्या असतील आयुष्यात, आणि आधी काय करायचं हेच तिला सुचत नव्हतं, कॉलर उलटी, मग सुलटी, मग परत उलटी, असं पाऊण तास, आणि मी आत आल्यावर घाईने कापडाखाली लपवली. ते लपवणं मला जास्त लागलं. वस्तू विसरण्यापेक्षा क्रम विसरणं, ओळखीच्या रस्त्यावर हरवणं, हिशोब न जमणं, शब्दाच्या जागी 'ते' 'ते' म्हणणं, स्वभाव बदलणं, आणि हे सगळं महिन्यामहिन्याने वाढत जाणं, ही लक्षणं बघायची. काहींमधे याद बरी असते आणि आधी वागणंच बिघडतं, तो वेगळा प्रकार. काहींना नसलेली माणसं दिसतात, तो वेगळा.

१९०१ साली फ्रँकफर्टच्या दवाखान्यात अलॉइस अल्झायमर यांच्यासमोर आउगुस्टे डेटर नावाची बाई बसली होती, वय ५१. तिला स्वतःचं नाव नीट लिहिता येत नव्हतं आणि ती म्हणत होती की मी स्वतःला हरवून बसलेय. १९०६ मधे ती गेल्यावर त्यांनी तिचा मेंदू तपासला आणि मग त्या आजाराला त्यांचं नाव मिळालं. मी हे वाचलं तेव्हा मला त्या शोधापेक्षा तिचं वाक्य मोठं वाटलं, कारण तिला आतून कळत होतं. आईलाही कळत होतं, म्हणून तर कॉलर लपवली. आपण समजतो त्यांना काही कळत नाही आणि त्यांच्यासमोरच त्यांच्याबद्दल बोलतो, ते मी बंद केलं.

दादा लांब राहतो, तो नवीन बातम्या पाठवतो. लेकानेमॅबची पाठवली, अल्झायमरवरचं, अमेरिकेत २०२३ मधे मान्यता मिळालेलं इंजेक्शन. मी विचारून आले. ते अगदी सुरुवातीच्या टप्प्यासाठी आहे, मेंदूत अमायलॉइड नावाचं प्रथिन साठल्याचा पुरावा लागतो, आजार थांबत नाही पण वेग थोडा कमी होतो, आणि मेंदूला सूज किंवा रक्तस्राव होण्याचा धोका असल्याने सारखे एमआरआय करावे लागतात. आईसाठी नाही. दादा फोनवर बराच वेळ गप्प होता. लांबून काळजी करणं हेही सोपं नसतं, हे मला तेव्हा पहिल्यांदा जाणवलं.

आता दुखण्याचं सांगते, जे मला सगळ्यात उशिरा समजलं. संध्याकाळ झाली की ती अस्वस्थ व्हायची, फेऱ्या, हात झटकणं, "मला घरी जायचंय". डिमेन्शियात संध्याकाळी असं होतं हे मी वाचलं होतं, त्यामुळे मी दिवे लावायचे, हळू बोलायचे, अल्बम दाखवायचे, आणि बहुतेक वेळा त्याने जमायचं. पण एकदा चार दिवस काहीच लागू पडेना. ती एकदम वेगळीच झाली, कधी भ्रमात, कधी दिवसा गाढ झोपेत. असं झटकन बदललं की तो डिमेन्शिया नसतो, शरीरात दुसरं काहीतरी बिनसलेलं असतं, इन्फेक्शन, पाणी कमी पडणं, अडकलेली लघवी, नवीन औषध, आणि लगेच दाखवायचं असतं. आम्ही लघवी तपासली, छाती तपासली, आणि शेवटी नर्सने तिच्या पायाची बोटं फाकवली. चौथ्या आणि पाचव्या बोटाच्या मधे चीर होती, पू धरलेला. आई एकदाही पाय म्हणाली नव्हती. घरी जायचंय म्हणत होती.

त्या नर्सने मला पेनॅड नावाची एक छोटी पद्धत शिकवली, जी माणसं सांगू शकत नाहीत त्यांचं दुखणं ओळखायची. श्वास कसा चाललाय, कण्हणं, चेहरा, अंगाची ताठरता, आणि जवळ घेतल्यावर शांत होतात की नाही. पाच गोष्टी, प्रत्येकीला ० ते २. मी आता आकडे लिहीत नाही, पण कपाळावर आठी आली आणि जवळ घेऊनही गेली नाही की अंगभर बघते. आधी पाय.

तिची दिनचर्या आता पायांभोवती बांधलेली आहे. आंघोळीचं पाणी माझ्या कोपराने तपासायचं, तिच्या पायाने नाही. बूट घालण्याआधी उलटा करून आपटायचा आणि आत हात फिरवायचा. घरातही अनवाणी नाही. भोवरीला ब्लेड लावायचं नाही. कोरड्या तळव्याला क्रीम, पण बोटांच्या मधे नाही, तिथे ओल राहिली की चीर पडते. रात्रभर पलंगापासून बाथरूमपर्यंत मंद दिवे, कारण तिचे डोळे तिच्या पायांचं काम करतात. फिजिओने दिलेले तोल सांभाळायचे व्यायाम ती लक्षात ठेवू शकत नाही, पण मी समोर उभी राहून केले की बघून करते, आरशासारखे. उठताना आधी मिनिटभर बसवायचं, एकदम उभं केलं की तिचा रक्तदाब पडतो, तेही मज्जातंतूंचंच. घरी जायचंय म्हणाली तर हेच तुझं घर असं समजवायचं नाही, कुठलं घर, कसं होतं, विचारायचं. ती सांगते. कधी कधी फार सुंदर सांगते.

आणि मी थकते. रागवतेही, एकदा एवढी ओरडले की ती माझ्यापासून भिंतीकडे सरकली. त्यानंतर आठवड्यातली दोन दुपारं दुसऱ्या कुणावर सोपवायची असं ठरवलं, त्यासाठी भांडावं लागलं, भांडले. ज्यांच्या घरी हे आहे त्यांनी या दुपारी मागून घ्या, न रडता मागा किंवा रडून मागा, पण मागा.

रोज रात्री मी बुटका स्टूल ओढते, टॉर्च घेते आणि तिचा पाय मांडीवर घेऊन एकेक बोट फाकवून बघते. परवा तिने विचारलं, "काय शोधतेयस?" मी म्हटलं, "बटण." तिला ते पटलं, बटणं हरवतात हे तिला माहीत आहे. मला ती आता क्वचितच नावाने हाक मारते, पण स्टूल सरकल्याचा आवाज आला की आपणहून पाय पुढे करते. आधी डावा.